थकवा हा काही बाईचा स्वभाव नव्हे

मैत्रिणींनो, आमचं खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध. लग्नसराईत लांबलांबची माणसं इथे ताटं-वाट्या, पैंजण, जोडवी घ्यायला येतात. पण आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते चांदीबद्दल नव्हे, लोहाबद्दल. तुमच्या-माझ्या रक्तातल्या लोहाबद्दल. घरात चांदी किती आहे, हे आपल्यापैकी प्रत्येकीला तोंडपाठ असतं. पण आपलं हिमोग्लोबिन किती आहे, असं दहाजणींना विचारून पाहा. एखादीच सांगेल, आणि तीही शेवटच्या बाळंतपणाच्या वेळचा आकडा!

मी काही डॉक्टर नाही. बी.ए. झालेली, दोन मुलांची आई, घरचं आवरून दुपारी चार तास शाळेत शिकवणारी तुमच्यासारखीच एक बाई. पण गेल्या दीड वर्षात या विषयानं आमच्या घरात बरीच उलथापालथ केली, आणि त्यातून जे कळलं ते तुमच्यापर्यंत पोचवावं असं वाटलं.

आधी एक आकडा सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. आधीच्या, २०१५-१६ च्या फेरीत हाच आकडा ४८ टक्के होता. म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी वाढला! हळदीकुंकवाला वीसजणी जमल्या, तर त्यातल्या दहा-अकराजणींचं रक्त कमी. आणि त्यातल्या बहुतेकींना ते माहीतच नसतं. कारण हा आजार तापासारखा अंगावर येत नाही, उंबऱ्यावरच्या पायपुसण्यासारखा मुकाट्यानं पडून राहतो.

जिना चढताना धाप लागते? वय झालं. केस गळतात? पाणी बदललं. दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येते? ऊन लागलं. मुलांवर उगाचच चिडचिड होते? स्वभावच तसा! छातीत धडधड, डोकेदुखी, रात्री पायांना चैन नसणं, नखं ठिसूळ होऊन चमच्यासारखी खोलगट होणं, या प्रत्येकाला आपल्याकडे काही ना काही उत्तर तयार असतं. सगळ्यात शेवटचं उत्तर ठरलेलं: बाईच्या जातीला हे चालायचंच.

आणखी एक लक्षण आहे, ते आम्हा शिक्षिकांना लवकर दिसतं. वर्गातली एखादी मुलगी चोरून खडू खाते, पाटीची पेन्सिल चघळते. मोठ्या बायकाही भाजकी माती, कच्चे तांदूळ खातात. त्यांना रागावून उपयोग नाही. अशी विचित्र भूक अनेकदा लोहाच्या कमतरतेची खूण असते. तिच्या हातातला खडू काढून घ्या, पण रक्तही तपासा.

<b>जमा-खर्चाची वही</b>

आपण घरखर्चाची वही ठेवतो ना, तसाच लोहाचा हिशोब असतो. सगळ्या शरीरात मिळून लोह असतं सुमारे तीन-चार ग्रॅम, एखाद्या खिळ्याएवढं. त्यातला मोठा भाग रक्तातल्या तांबड्या पेशींत. फुफ्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवायचं काम हे लोह करतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातलं लोह शरीर फेकून देत नाही, पुन्हा वापरतं. जुन्या साडीची गोधडी करणाऱ्या आजीसारखं शरीर काटकसरी असतं!

मग तूट येते कुठून? रक्त बाहेर गेलं की. एक मिलिलिटर रक्त गेलं म्हणजे अर्धा मिलिग्रॅम लोह गेलं. साधारण पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे १५ ते २० मिलिग्रॅम लोह. पाळीत ८० मिलिलिटरच्या वर जात असेल तर खर्च दुपटीहून जास्त. एका गरोदरपणाला सुमारे १,००० मिलिग्रॅम जादा लोह लागतं. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये जे प्रमाण सांगितलं, त्यात पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम आणि बाईला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावं असं म्हटलं आहे. गरज बाईची जास्त. आणि चांगलंचुंगलं घरात कोणाच्या ताटात जास्त पडतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

तूट आली की शरीर आधी साठवणीच्या डब्याला हात घालतं. डबा रिकामा झाला की मग रक्तातलं हिमोग्लोबिन उतरायला लागतं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या खाली असलं तर तो रक्तक्षय. गरोदर नसताना ८ च्या खाली आणि गरोदरपणी ७ च्या खाली म्हणजे गंभीर. साठवण किती उरली ते पाहायला ‘फेरिटिन’ नावाची वेगळी तपासणी असते.

माझं किती निघालं? ८.४. शाळेत शिक्षकांची आरोग्य तपासणी होती, त्यात हा आकडा कळला. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी ‘काय खाता’ असं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, “पाळी किती दिवस चालते? पॅड किती तासांनी बदलावं लागतं? गाठी पडतात का?” धाकट्याच्या जन्मानंतर मी तांबी बसवून घेतली होती. तेव्हापासून पाळी सात-आठ दिवस चालायची, दर दोन तासांनी पॅड बदलावं लागायचं. तांब्याच्या तांबीनं काहीजणींचा रक्तस्राव वाढतो. त्या म्हणाल्या, “हंड्याला भोक असलं तर आधी भोक बुजवायचं, मग पाणी भरायचं.” तांबी काढली, आणि पुढची सोय काय करायची ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. तुम्हीही एवढं लक्षात ठेवा. पाळी सात दिवसांच्या वर चालत असेल, तासा-दोन तासांनी पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर ते ‘प्रत्येकीचं वेगळं असतं’ म्हणून सोडून देऊ नका. तांबीच असेल असं नाही. गर्भाशयातल्या गाठींमुळे किंवा थायरॉइडमुळेही असं होतं.

<b>काय खावं, त्याहून कशाबरोबर खावं</b>

रक्त कमी म्हटलं की शेजारणी लगेच सांगतात, बीट खा, सफरचंद खा. अहो, बीट लाल असतं म्हणून त्याचं रक्त होत नाही! शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. सफरचंदात त्याहून कमी. त्यापेक्षा आपली बाजरी बघा. शंभर ग्रॅमला सहा मिलिग्रॅमच्या वर. ज्वारीत चारच्या आसपास, पॉलिश केलेल्या तांदळात एकाहून कमी. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी करतो, ती एका दिवसापुरती न ठेवता थंडीभर करायला काय हरकत आहे? आपल्याकडे रोजची भाकरी ज्वारीचीच, म्हणून आणखी एक सांगते. परभणीच्या कृषी विद्यापीठानं आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनं मिळून ज्वारीचं जादा लोह असलेलं ‘परभणी शक्ती’ नावाचं वाण २०१८ मध्ये आणलं. घरची शेती असेल तर घरधन्याच्या कानावर घालून ठेवा.

मटण-कलेजी खाणाऱ्यांना त्यातलं लोह सहज लागू पडतं. आपल्यासारख्या भाजी-भाकरीवाल्यांचं लोह मात्र हट्टी पाहुण्यासारखं. आग्रह केल्याशिवाय आत येत नाही. खाल्लेल्यातलं शंभरात पाच-दहा भागच अंगी लागतं. तो आग्रह करतं लिंबू. पेरू, आवळा, संत्रं, कोथिंबीर, टोमॅटो यांतलं क जीवनसत्त्व त्याच जेवणात असलं, तर लोह दुप्पट-तिप्पट शोषलं जाऊ शकतं. आणि दाराशीच अडवतो चहा! जेवणाबरोबर किंवा जेवणाच्या लगेच आगेमागे घेतलेल्या चहानं निम्म्याहून अधिक लोह वाया जाऊ शकतं. चहा सोडा असं मी म्हणत नाही, मला स्वतःलाच जमणार नाही. पण जेवण आणि चहा यांच्यात तास-दीड तासाचं अंतर ठेवा.

माझ्या स्वयंपाकघरात मी केलेले बदल हे असे:

तांदुळजा, मेथी, शेवग्याचा पाला, अंबाडी, हरभऱ्याची भाजी यांतली एक पालेभाजी रोज. वरून लिंबू पिळायचंच.

मूग, मटकी मोड आणून. मोड आले की लोहाला धरून ठेवणारं द्रव्य कमी होतं.

तीळ, जवस, कराळ यांची चटणी बरणीत कायम. भाकरीबरोबर चमचाभर.

अळीव दुधात शिजवून खीर करतो, पण दुधातला चुना लोहाच्या आड येतो. त्यापेक्षा अळीव नारळाच्या पाण्यात किंवा साध्या पाण्यात भिजवून, गूळ-लिंबू घालून घ्यावेत.

उपवासाला साबुदाणा आणि त्यावर तीनदा चहा, हे म्हणजे लोहाचा कडकडीत उपवास! साबुदाण्यात पिठूळपणाशिवाय फारसं काही नाही. शेगाव आमच्या शेजारीच, त्यामुळे इथे गुरुवार धरणाऱ्या घरोघरी. मी उपवासाला राजगिऱ्याची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी करते. राजगिऱ्यात लोह भरपूर असतं.

आणि लोखंडी कढई. बाजारात घिसाड्याकडून घेतलेली कढई आता रोज चुलीवर, म्हणजे गॅसवर असते. अंबाडी, टोमॅटोची भाजी, आमटी अशी आंबट वस्तू तिच्यात शिजवली की थोडं लोह अन्नात उतरतं. पदार्थ काळपट होतो, पण बिघडत नाही. मात्र शिजल्यावर दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावा.

<b>गोळी, आणि तिच्याबद्दलचे गैरसमज</b>

पण मैत्रिणींनो, एक स्पष्ट सांगते. आठ-नऊवर आलेलं हिमोग्लोबिन नुसत्या भाजी-भाकरीनं वर येत नाही. खाणं हे पुढची तूट येऊ नये म्हणून. झालेली तूट भरायला गोळीच लागते. सरकारनं गोळ्यांची योजना पहिल्यांदा सुरू केली १९७० मध्ये. ‘अॅनिमिया मुक्त भारत’ ही आताची मोहीम २०१८ ची. लहान शाळकरी मुलांना गुलाबी गोळी, किशोरवयातल्या मुलामुलींना आठवड्याला निळी, गरोदर बायकांना लाल. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते, आशाताई घरी आणून देतात, आणि आपण ती डब्यात ठेवून देतो. का? तर ‘उष्ण पडते’, ‘शौचाला काळं होतं’, ‘मळमळतं’.

शौचाला काळपट होणं हा गोळीचा गुण आहे, दोष नव्हे. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी, बद्धकोष्ठ झालं तर पाणी आणि पालेभाजी वाढवावी. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की रोजच्यापेक्षा एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह शरीर जास्त चांगलं शोषतं. तेव्हा रोजची सोसत नसेल तर बंद करण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा. चहाबरोबर, दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर ती घेऊ नये. दोन-तीन आठवड्यांत हुशारी वाटू लागते, पण तिथे थांबायचं नाही. आकडा नीट झाल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते, तेव्हा कुठे रिकामा डबा भरतो. आणि हो, गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मोठ्यांचं औषध मुठीनं खाल्लं तर लेकराच्या जिवावर बेततं.

या गोळीत लोहाबरोबर फॉलिक आम्लही असतं. त्यामागची गोष्ट आपल्याच मुंबईतली आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईला आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्कानं त्या बायका सुधारतात, हे त्यांनी १९३१ मध्ये जाहीर केलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक आम्ल. मुंबईच्या गरीब बायकांच्या रक्तातून कळलेली गोष्ट आज जगभरच्या गरोदर बायकांच्या गोळीत आहे!

यातून आणखी एक शहाणपण घ्यायचं. रक्त कमी म्हणजे दर वेळी लोहच कमी असं नाही. ब-१२ जीवनसत्त्व कमी असेल, विशेषतः शाकाहारी घरांत. विदर्भात सिकलसेल आहे. त्यात आणि थॅलेसेमियात तपासणीशिवाय लोह घेत राहणं बरोबर नाही. आमच्या जिल्ह्यातल्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाचे आजार खूप. रक्त तयार करा असा निरोप मूत्रपिंडच देतं, ते बिघडलं तर हिमोग्लोबिन उतरतं. म्हणून दोन महिने गोळी घेऊनही आकडा हलला नाही, तर गोळीला नावं न ठेवता कारण शोधायला सांगा.

<b>सासूबाईंचा आकडा</b>

कारण शोधणं किती महत्त्वाचं, ते आमच्या सासूबाईंमुळे कळलं. त्या ६४ वर्षांच्या. मी गोळ्या घ्यायला लागले तेव्हा त्यांना ते सगळं थेरच वाटायचं. “आमच्या टायमाले कोन मोजत होतं रगत?” असं म्हणायच्या. त्याही वर्षभरापासून थकल्या होत्या. देवळापर्यंत चालल्या तरी ओट्यावर बसकण मारायच्या. तपासून घ्या म्हटलं तर म्हणाल्या, “मले काय धाड भरली वं? वय झालं, दुसरं काय!” शेवटी आमच्या ह्यांनी ‘साखर तपासायची आहे’ म्हणून त्यांना नेलं आणि त्यातच हिमोग्लोबिनही करून घेतलं. ७.६ निघालं.

मला वाटलं, त्यांनाही माझ्याच गोळ्या मिळतील. पण डॉक्टर गंभीर झाले. म्हणाले, पाळी गेलेल्या बाईचं किंवा पुरुषाचं लोह कमी झालं, तर रक्त कुठून जातंय हे आधी शोधलंच पाहिजे. शौचाची तपासणी झाली, तिच्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं. अकोल्याला नेऊन पोटात दुर्बीण घातली. ते चार दिवस घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. मनात कसल्या कसल्या शंका येत होत्या, ते तुम्ही समजू शकाल. दुर्बिणीत जठराला व्रण दिसला. गुडघे दुखतात म्हणून तीन वर्षं त्या औषधाच्या दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणवून रोज दोन घेत होत्या. त्या गोळ्यांनी व्रण पडला होता आणि त्यातून थेंब थेंब रक्त पाझरत होतं. आणखी वर्षभर आम्ही ‘वय झालं’ म्हणत बसलो असतो, तर काय झालं असतं, याचा विचार नको वाटतो.

गोळ्या बंद झाल्या, व्रणावर औषध झालं, लोह सुरू झालं. सहा महिन्यांनी त्यांचं हिमोग्लोबिन ११.२ झालं, माझं १२.३. त्या आता आपला आकडा आल्या-गेल्याला सांगतात. गुडघे दुखतातच, पण त्यांना शेक आणि व्यायाम चालू आहे.

एक बदल मात्र कोणत्याही डॉक्टरांनी लिहून दिला नव्हता. आमच्याकडे आधी पुरुष आणि मुलं, मग सासूबाई, मग मी, असा जेवणाचा क्रम होता. माझी पाळी येईपर्यंत पातेल्यात भाजीचा रस्सा आणि एखादी फोड उरायची. मी भाकरी ठेच्याशी खायची आणि वर चहा घ्यायची. क्रम कोणी मुद्दाम लावला नव्हता, तो चालत आला होता. एके दिवशी सासूबाईच म्हणाल्या, “भाजी आधी सहा वाट्यांत वाढ, मग ताटं कर.” आता पातेलं नव्हे, वाट्या मोजल्या जातात. कोणाला कमी पडत नाही. पडलंच, तर सगळ्यांनाच थोडं थोडं कमी पडतं.

मुलगी माझी आठवीत आहे. शाळेत आठवड्याची निळी गोळी ती मैत्रिणींबरोबर घेते, जंताची गोळीही वेळच्या वेळी घेते. पोटातले आकडीचे जंतही रक्त पितात, म्हणून ती महत्त्वाची. तिला पाळी सुरू झाली, तेव्हापासून मी तिच्याही खर्चाची वही डोळ्यांपुढे ठेवते.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. बोटभर काम आहे. एकट्या जाऊ नका. सासू, आई, जाऊ, वयात आलेली लेक, कोणाला तरी बरोबर घ्या. आकडा कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा, गॅसच्या नंबराशेजारी. आणि तो १२ च्या खाली असला, तर पुढच्या वेळी कोणी ‘बाईच्या जातीला चालायचंच’ म्हणालं की त्या कागदाकडे बोट दाखवा.